शाळा बंद असताना मुलांचे वाचन घरी कसे टिकवावे

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पहिलीत असलेली ग्रामीण महाराष्ट्रातील मुले १ डिसेंबर २०२१ नंतर वर्गात परतली, ती थेट तिसरीत. दरम्यान पाठ्यपुस्तके घरात होती आणि मोबाइलवर तासही होत होते. पण मुलाने मोठ्याने वाचावे आणि कोणीतरी ते लक्ष देऊन ऐकावे, हे मात्र अनेक घरांत राहून गेले. शाळा साथीमुळे बंद असो वा अतिवृष्टीमुळे, पालकाने सर्वांत आधी ही ऐकणाऱ्याची जागा भरून काढावी, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीला मूल कुठे आहे ते पाहावे. ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन तपासतात. घरीही तसेच करता येते. मागच्या इयत्तेचे पुस्तक उघडून एक परिच्छेद वाचायला सांगावा, आणि ओळीओळीला अडखळायला होत असेल तर संकोच न करता आणखी सोपे पुस्तक घ्यावे.

रोज वीस मिनिटे पुरतात, पण वेळ ठरलेली असावी आणि त्या वेळी आपला मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. मूल अडले की शब्द लगेच सांगून टाकण्याचा मोह आवरावा. मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत, तरीही जमले नाही तर शब्दाचा उरलेला भाग बोटाने झाकून एकेक अक्षर पुढे उघडावे. मराठीत खरी अडचण जोडाक्षरांची असते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द कागदावर शेजारी लिहून मोठ्याने म्हणायला लावले, की पहिल्यात ‘द’वर आघात येतो आणि दुसऱ्यात येत नाही, हे मुलाच्या कानाला आपोआप कळते, मग एकात रफार डोक्यावर का आहे आणि दुसऱ्यात ‘र’ चे वेगळे चिन्ह का आहे, हे समजावण्यात फार शब्द खर्चावे लागत नाहीत. असे अडलेले शब्द एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. चूक झाली म्हणून पान पुन्हा वाचायला लावू नये; वाचन शिक्षा झाले की मूल पुस्तकापासून दूर पळते.

आईवडील कामावर असतील तर आजी ऐकेल. तिला स्वतःला वाचता येत नसले तरी काही बिघडत नाही, कारण तिने “मग पुढं काय झालं रे?” एवढे विचारले तरी नातवाला पान उलटावेच लागते.

पुस्तके विकत घेणे सर्वांना परवडत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तेथे मिळतात. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीविव्हर’ संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत. गोष्ट उतरवून घेतली की इंटरनेट बंद करूनच फोन मुलाच्या हाती द्यावा. नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलासाठी घरातला आरतीसंग्रह फार उपयोगी ठरतो: शब्द तोंडपाठ असल्यामुळे बोट आणि आवाज बरोबर चालतात. मात्र ते पाठांतरच नाही ना, हे पाहण्यासाठी मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारावे.

गल्लीतील पाच-सहा घरांनी आपापली दोन-दोन पुस्तके एका पिशवीत घालून ती आठवड्याला एका घरातून दुसऱ्या घरी फिरवली, तर वाचायला नवे मिळतेच, शिवाय कोणी काय वाचले याच्या गप्पाही मुलांत सुरू होतात. शाळा उघडेल त्या दिवशी अडलेल्या शब्दांची वही दप्तरात घालावी आणि वर्गशिक्षकांना दाखवावी, म्हणजे कोठून सुरुवात करायची हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळेल.