लष्करी अधिकाऱ्याची स्मृतिपुस्तिका कशी करावी

वर्षश्राद्धाला वडिलांची किंवा सासऱ्यांची छोटी पुस्तिका काढायची असेल, तर लिहायला बसण्याआधी एक तक्ता आखा. रकाने चार: वर्ष, ठाणे, पलटण व हुद्दा, घर. चौथा रकाना गाळू नका. साहेब फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठाण्यावर, असताना मुलांचे दाखले, आजीचे दवाखाने आणि दादरच्या खोलीचे भाडे कोणी सांभाळले, हे त्यांच्या नोकरीइतकेच त्यांच्या आयुष्यात मोडते.

पहिला कागद पीपीओ, म्हणजे प्रयागराजहून आलेला पेन्शनचा आदेश. त्यात सेवा कधी संपली आणि शेवटचा हुद्दा कोणता, हे पक्के मिळते. मधली वर्षे भरायला घरची पत्रे काढाल, तर पत्त्यात नुसते ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) दिसेल. गावाचे नाव नसतेच. तिथे मुलांचे केंद्रीय विद्यालयाचे दाखले कामी येतात, कारण त्यांवर गाव आणि तारीख दोन्ही असतात. काळ्या पत्र्याच्या ट्रंकाही नीट बघा. पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, आणि जुना ‘कॅप्टन’ खोडून वर रंगवलेला ‘मेजर’ अजून वाचता येतो.

पदकांना ब्रासो (धातूचे पॉलिश) लावू नका. बहुतेक पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. घासून ते पुसट होते आणि फितीवर डाग पडतात. मऊ कोरड्या कापडाने पुसा, भिंग घेऊन कड वाचा. नंबर ‘आयसी’ने सुरू होत असेल तर कायम कमिशन, ‘एसएस’ असेल तर शॉर्ट सर्व्हिस. मुंबईच्या पावसाळी हवेत पदके आणि फोटो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

सर्वांत जास्त चुका पदकांचा अर्थ लावताना होतात. १९७१ च्या युद्धाचा ‘पूर्वी स्टार’ पूर्व आघाडीचा, ‘पश्चिमी स्टार’ पश्चिमेचा. संग्राम मेडल मात्र त्या काळात सेवेत असलेल्या फार मोठ्या वर्तुळाला मिळाले, म्हणून फक्त त्यावरून ‘रणांगणावर लढले’ असे लिहू नये. १९९९ च्या कारगिल युद्धाच्या ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडलमध्येही हाच फरक आहे. सैन्य सेवा मेडलच्या फितीवरची पट्टी वाचा. ‘हिमालय’, ‘जम्मू-काश्मीर’ असा प्रदेश तिच्यावरच असतो. शौर्यपदक असेल तर राजपत्रातला मजकूर जसाच्या तसा घ्या, भर घालू नका.

हुद्द्याच्या तारखा अंदाजाने भरू नयेत. आज कॅप्टन २, मेजर ६ आणि लेफ्टनंट कर्नल १३ वर्षांनी होतात, पण ही पद्धत २००४ च्या अखेरीस आली. आधी बढती बरीच सावकाश मिळे. शिवाय तेव्हा ‘अ‍ॅक्टिंग’ म्हणजे तात्पुरता हुद्दा असे, त्यामुळे फोटोत मेजर आणि कागदावर कॅप्टन दिसला तरी दोन्ही खरे असू शकते. नाव लिहिताना ‘कर्नल अमुक तमुक (निवृत्त)’ असे लिहा. ‘निवृत्त कर्नल’ हे लष्करी रीतीला धरून नाही.

मग माणसे. कोर्समेटना, म्हणजे प्रशिक्षणातल्या सोबत्यांना, आधी फोन करा. खडकवासल्याचा (एनडीएचा) कोर्स आणि स्क्वाड्रन सांगितले की पुढचे दुवे तेच जोडून देतात. सुभेदार मेजर, ड्रायव्हर, सहायक यांना विसरू नका. ‘साहेब कसे होते?’ विचारले तर ‘फार चांगले’ एवढेच ऐकू येईल. ‘दरबारात तक्रार आली की काय करायचे?’, ‘बडा खान्याला कुठे बसायचे?’ असे विचारा (दरबार म्हणजे अधिकाऱ्याने जवानांशी बोलायची सभा, बडा खाना म्हणजे अधिकारी-जवानांचे एकत्र जेवण). बायको-मुलांनाही असेच नेमके प्रश्न हवेत: बदलीचा कागद आला की घरात पहिले काय बांधले जाई? अलीकडच्या तैनातीची ठिकाणे आणि कामाचा तपशील मात्र छापू नका.

ए-५ आकाराची १६ पाने पुरतात. मधे पिना मारायच्या असल्याने पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, आणि लॅमिनेशन कधीच नको. छापखाना युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलत असेल, तर ‘अधिकाऱ्याचे’, ‘दुसऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ हमखास फुटतो. शेवटचे प्रूफ कागदावरच वाचा.

दोन प्रती पलटणीसाठी ठेवा. एपीओच्या पत्त्यावर खासगी कुरियर पोचत नाही, त्यामुळे कमांडिंग ऑफिसरच्या नावाने स्पीड पोस्टच करा.