ठाणे-नवी मुंबईकरांसाठी उन्हाळ्यातील माथेरान

मे महिन्यात ठाण्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही, तेव्हा महाबळेश्वरची लांबची वाट धरण्याआधी माथेरानचा विचार अवश्य करावा. हे ठिकाण १८५० साली इंग्रजांच्या नजरेस आणले ते ठाणे जिल्ह्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी. त्यानंतर तेथे इंग्रज, पारशी आणि बोहरी धनिकांचे प्रशस्त बंगले उभे राहिले. त्यांपैकी काहींत आज हॉटेले चालतात आणि त्यांचे दर साहजिकच चढे असतात. ते पैसे सार्थकी लागावेत असे वाटत असेल, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी : माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, त्यामुळे खोलीच्या थाटाइतकेच तिचे दस्तुरी नाक्यापासूनचे, म्हणजे मोटारी जेथे थांबतात तेथपासूनचे, अंतर महत्त्वाचे ठरते.

आरक्षण करताना हॉटेलला तीन प्रश्न विचारावेत : दस्तुरीपासून चालत किती वेळ लागतो, सामान आणण्याची व्यवस्था कोण करते आणि दरात कोणकोणती जेवणे धरली आहेत. बाजारपेठ दस्तुरीपासून साधारण अडीच-तीन किलोमीटरवर असून, जुने बंगले बहुधा तिच्याही पलीकडे, झाडीत आहेत. जेवण दरात धरलेले नसेल, तर रात्री अंधारातून बाजारापर्यंत जा-ये करावी लागते, आणि सोबत वृद्ध आई-वडील असतील तर ती हौस पहिल्याच रात्री फिटते. माझ्या मते उंच छताची, रुंद व्हरांड्याची खोली वातानुकूलित नसली तरी घ्यावी. जुन्या बंगल्याचे खरे सुख व्हरांड्यातच असते. शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दोन रात्री मिळाल्या, तर दर आणि गर्दी दोन्ही बेताचे असतात.

ठाण्याहून कर्जत लोकलने नेरळ गाठणे सर्वांत सोपे. नवी मुंबईकरांनी वाशी, नेरूळ किंवा पनवेलहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलावी. नेरळहून मिनी ट्रेनने जायचे की शेअर टॅक्सीने, हे मात्र घरूनच ठरवून निघावे. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेला आणि १९०७ साली सुरू झालेला हा लोहमार्ग अवघ्या दोन फूट रुंदीचा आहे. तीव्र वळणांवरून गाडी इतकी सावकाश चढते की सुमारे २१ किलोमीटरला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. शिवाय फेऱ्या मोजक्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकिटासाठी रांग मोठी. लहान मुलांसाठी दोन्ही गोष्टी साधणारा मार्ग म्हणजे टॅक्सीने दस्तुरीला जाऊन, जवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरानपर्यंतची शटल पकडणे. स्वतःची मोटार न्यायची असल्यास घाटातील वळणे चालकाच्या सवयीची असावीत आणि सुट्टीच्या दिवशी दस्तुरीच्या वाहनतळात जागा मिळण्यासाठी सकाळी लवकर पोहोचावे.

दस्तुरीला प्रवेशकर भरताच घोडेवाले आणि हमाल भोवती गोळा होतात. दरफलक पाहून, कोठपर्यंत आणि किती पैशांत हे ठरवूनच सामान द्यावे. चाके असलेली बॅग येथे अगदीच निरुपयोगी. जांभ्याच्या तांबड्या वाटेवर ती चार पावलांतच धुळीत रुतते. तीच धूळ पांढऱ्या कपड्यांवर आणि बुटांवर बसते आणि धुतल्यावरही सहजी जात नाही, म्हणून गडद, जुने कपडे आणि बंद बूट बरे.

उंची सुमारे ८०० मीटर असल्याने मे महिन्यात येथे कडाक्याची थंडी मिळेल अशी आशा धरू नये. दुपारचे ऊन जाणवते. सुखाच्या असतात त्या सकाळ, संध्याकाळ आणि झाडांची सावली. म्हणून दिवसाची आखणी उन्हाच्या हिशेबाने करावी. उत्तरेकडचा पॅनोरमा पॉइंट लांब आहे. तेथे सूर्योदयाला जायचे असल्यास अंधारातच निघावे आणि घोडा करायचाच असेल तर तो याच फेरीसाठी करावा. दुपारी जेवून व्हरांड्यात स्वस्थ पडावे. ऊन कलल्यावर शार्लोट तलाव आणि त्याच्या काठचे पिसारनाथाचे मंदिर पाहून लुईझा पॉइंटकडे वळावे. ही वाट बरीचशी झाडीतून जाते आणि टोकाशी समोर प्रबळगडाचा डोंगर उभा असतो. तलावाचे पाणी गावाच्या पिण्याचे आहे, त्यात उतरू नये. सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन पॉइंट प्रसिद्ध आहे, पण तेथील गर्दीत सूर्यापेक्षा मोबाइलच अधिक दिसतात.

वाटेवर करवंदे, जांभळे घेऊन बसलेल्या बायकांकडून पानाचा द्रोण घ्यावा, मात्र तो हातात मिरवू नये. माकडे झाडावरून नेमकी त्याच्यावरच नजर ठेवून असतात. चिक्की आणि चामड्याच्या चपलांची खरेदी शेवटच्या दिवसावर ठेवावी, म्हणजे ओझे वाढत नाही. परतताना रविवार असेल, तर दुपारच्या जेवणाआधीच दस्तुरी सोडावी. संध्याकाळी घाटात टॅक्सींची आणि नेरळ स्थानकावर प्रवाशांची एकच झुंबड उडते.