नवजात बाळाच्या मेंदूविकाराची तीव्रता ठरवताना या चुका टाळा

जन्मताना न रडलेले बाळ गोंदिया, गडचिरोली किंवा शेजारच्या बालाघाटहून नागपूरला येते, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘एचआयई, स्टेज दोन’ एवढेच लिहिलेले असते. (एचआयई म्हणजे जन्माच्या सुमारास प्राणवायू व रक्तपुरवठा कमी पडून मेंदूला झालेली इजा; सारनॅट पद्धतीत तिच्या सौम्य ते गंभीर अशा तीन स्टेज मानतात.) तपासणी किती वाजता केली, त्या वेळी बाळ जागे होते का, दूध ओढत होते का, याची नोंदच नसते. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण हा विकार तासागणिक बदलतो. पहिल्या तासाला टक्क जागे आणि दचकणारे बाळ पाचव्या तासाला सुस्त आणि ढिले पडलेले असू शकते. म्हणून स्टेजसोबत वेळ आणि प्रत्यक्ष दिसलेली लक्षणे लिहावीत आणि पहिल्या सहा तासांत तपासणी पुन्हा पुन्हा करावी.

जन्मताच बाळाला दिल्या जाणाऱ्या अपगार गुणांवरून तीव्रता ठरवू नये. व्हर्जिनिया अपगार यांनी 1952 साली ही पद्धत बसवली ती जन्मानंतरच्या काही मिनिटांतली स्थिती टिपण्यासाठी, मेंदूला किती इजा झाली हे सांगण्यासाठी नव्हे.

सर्वाधिक गोंधळ थरथरीबाबत होतो. बाळाचा थरथरणारा हात आपल्या मुठीत अलगद धरावा. थरथर थांबली, तर ती बहुधा झटका (फिट) नसते. धरूनही स्नायूंचे आचके जाणवत राहिले, नजर एका बाजूला ओढली गेली किंवा श्वास थांबला, तर तो झटका समजावा. सारनॅटच्या पहिल्या स्टेजमध्ये झटके नसतात, त्यामुळे साध्या थरथरीला झटका म्हटले की बाळ कागदावर एकदम दुसऱ्या स्टेजला जाते आणि त्याला झटके थांबवणारे फेनोबार्बिटोन सुरू होते. त्या औषधाने बाळ खरोखरच गुंगते, आणि पुढे तपासणाऱ्याला ही सुस्ती आजाराची की औषधाची हे कळेनासे होते. डोस द्यावाच लागला, तर आधी तपासणी पूर्ण करावी आणि डोसची वेळ ठळक लिहावी.

स्टेज ठरवण्याआधी रक्तातील साखर आणि बाळाचे तापमान पाहावे. साखर घसरलेले बाळ असेच मलूल दिसते, आणि डिसेंबरच्या रात्री प्रवासात गारठलेले बाळही. मे महिन्यात उलट घडते: बाहेर पारा 45 अंशांकडे गेलेला असताना गुंडाळलेले बाळ तापून येते, आणि इजा झालेल्या मेंदूला ताप अधिक घातक असतो. आईला मॅग्नेशियम सल्फेट (गरोदरपणातील झटके टाळण्याचे औषध) दिले होते का, हेही विचारावे. त्यानेही बाळ लुळे पडते.

तपासताना घाई नको. हात लावण्यापूर्वी मिनिटभर बाळाकडे नुसते पाहावे. मग स्वच्छ बोट तोंडात द्यावे: निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाची जीभ बोटाला लपेटून आत ओढते, दुसऱ्या स्टेजमध्ये ती ओढ क्षीण असते, तिसऱ्यात काहीच जाणवत नाही.

शेवटची चूक नातेवाइकांशी बोलताना होते. पहिल्याच दिवशी स्टेज सांगून भविष्य वर्तवू नये. सारनॅट यांच्या 1976 च्या मूळ अभ्यासात अवघी 21 बाळे होती, आणि त्यांतली जी तिसऱ्या स्टेजला गेली नाहीत व ज्यांची दुसऱ्या स्टेजची लक्षणे पाच दिवसांच्या आत ओसरली, ती पुढे सामान्य दिसली. म्हणून वॉर्डाबाहेर बसलेल्या आजीने विचारले, तर आज बाळ किती ओढते आहे ते सांगावे, आणि ते नीट दूध ओढू लागेल तो दिवस केसपेपरवर न चुकता लिहावा.