हतनूरच्या काठावरून पाणपक्ष्यांचे फोटो कसे काढावेत

जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पूर्णा येऊन तापीला मिळते. तिथून खाली हतनूर धरणाच्या भिंतीपर्यंत पाणी पसरट आणि बऱ्याच ठिकाणी उथळ आहे. बदकांना असंच पाणी मानवतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इथे तलवार बदक, थापट्या, लालसरी, चक्रवाक दिसतात, नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंसही. त्यांचे फोटो काढायला होडी लागत नाही. उलट इंजिनाचा आवाज झाला की थवा लांबूनच उठतो. काठावर गप्प बसणाऱ्यालाच पक्षी जवळून मिळतो.

हात बसवायला आधी घराजवळचं पाणी धरा. जळगावकरांना मेहरूण तलाव आहे, धुळेकरांना नकाणे. मेहरूणवरच्या टिबुकल्या, पाणकावळे माणसांच्या वर्दळीला सरावलेले असतात, त्यामुळे तिथे निवांत शिकता येतं.

हतनूरला निघण्याआधी काठ ठरवा. माझ्या मते फोटोचा निम्मा निकाल इथेच लागतो. तापी साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, म्हणून तिचा एक काठ उत्तरेला, दुसरा दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. वरणगाव-भुसावळकडच्या दक्षिण काठावर बसलात तर ऊन तुमच्या पाठीमागून थेट पक्ष्यावर पडतं. रावेरच्या बाजूने तोच पक्षी काळा ठिपका दिसतो.

मग वारा बघा. चिमूटभर माती हातातून सोडली की दिशा कळते. पाणपक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याकडे तोंड करतात. वारा तुमच्या पाठीकडून असेल तर उतरणारं बदक समोरून येतं, तोंडावर असेल तर शेपटीच दिसते. सकाळी पूर्वेचा वारा असला, तर पाण्यात घुसलेलं जमिनीचं एखादं टोक शोधून त्याच्या पश्चिम अंगाला बसा. ऊन आणि वारा, दोन्ही पाठीशी येतात. उत्तरेचा वारा असेल त्या दिवशी उडण्याचे फोटो सोडून पोहणाऱ्या, चरणाऱ्या पक्ष्यांकडे लक्ष द्या.

उजाडण्याआधी जागेवर पोहोचा. दहाच्या पुढे ऊन तापलं की जमिनीवरची आणि पाण्यावरची हवा थरथरू लागते. लांबचा पक्षी मग कितीही महाग लेन्स लावली तरी धारदार येत नाही. त्या वेळी फक्त अगदी जवळ आलेले पक्षी टिपावेत.

काठावर पाणी ओसरलेल्या जागी शेतकरी हरभरा, गहू पेरतात. शेतातून जायचं असेल तर आधी विचारा. “भाऊ, बांधावर बसू का घडीभर?” एवढं म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही, वर हंस सकाळी कुठल्या हरभऱ्यात उतरतात हेही समजतं. गाळावर मात्र जपून. वरची पापडी वाळलेली दिसते, खाली पाय गुडघाभर रुततो. काठीने चाचपून पाहा. भिंतीच्या आणि दरवाज्यांच्या भागात परवानगीशिवाय जाऊ नका.

बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्याकडे बदकं ढुंकून पाहत नाहीत, पण त्यांच्याकडे सरळ चालत जाणारा माणूस त्यांना लगेच कळतो. म्हणून तिरकं, थांबत थांबत जा. खाकी किंवा मळकट हिरवे कपडे घाला. थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या, तर तिथेच खाली बसा. थोड्या वेळाने चोची पुन्हा पाण्यात गेल्या म्हणजे तुम्हाला स्वीकारलं.

कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीला आणा. कापडी थैलीत दोनेक किलो दादर (रब्बी ज्वारी) भरून तिच्यावर लेन्स टेकवा. जमिनीलगत तिपाईपेक्षा हे सोयीचं पडतं. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसतं पाणी येतं, आडवं पडून काढलं तर पलीकडचा काठ धूसर होऊन पक्षी उठून दिसतो. ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स उत्तम, पण सुपरझूम कॅमेऱ्यानेही चांगलं काम होतं.

पोहणाऱ्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद पुरतं, उडणाऱ्याला १/१६०० किंवा त्याहून वेगवान ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) ऑटोवर, फोकस सतत चालणारा. चमकत्या पाण्यामुळे कॅमेरा फसतो आणि पक्षी काळवंडतो, तेव्हा एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ करा. गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर उलट -०.७ करा, नाहीतर पिसांचा तपशील उडून जातो.

उड्डाण टिपायचं तर पक्ष्याची रीत माहीत हवी. तलवार बदक आणि थापट्या पाण्यातून सरळ वर उसळतात. त्यांच्यासाठी फ्रेममध्ये डोक्यावर जागा सोडा. लालसरी आणि वारकरी (काळा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी) बुडी मारणारे. ते आधी पाण्यावर पाय आपटत धावतात, मग उचलले जातात. त्यांच्यासाठी पुढे जागा ठेवा आणि धाव सुरू होताच बटण दाबून धरा. त्या पावलांमागे उडणाऱ्या थेंबांची रांग हा मला हतनूरचा सगळ्यात आवडता फोटो वाटतो. कवड्या धीवर (काळा-पांढरा खंड्या) तर हवेत एकाच जागी पंख मारत थांबतो, नवशिक्याला तो सोपा.

उडतानाचा फोटो हवा म्हणून दगड मारणं, टाळ्या वाजवणं, ड्रोन सोडणं अजिबात नको. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक विनाकारण उड्डाण त्यातूनच खर्च होतं. उन्हाळ्यात नदीतल्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय उघड्यावर अंडी घालतात. तिकडे पायच ठेवू नका. आई उठली तर अंडी उन्हात भाजतात.

घरी आल्यावर फोटोंवर तारीख, ठिकाण आणि पक्ष्याचं नाव त्याच दिवशी लिहा. नाव कळलं नाही तर चोच, पाय आणि पंखावरचा पट्टा स्पष्ट दिसणारा फोटो जाणत्या पक्षीमित्राला दाखवा. घरट्याचा फोटो असेल तर जागा मात्र कुणालाच सांगू नका.