मेटल गाणं अकूस्टिक करायचंय? आधी गायब असलेला गंधार शोधा

डिस्टॉर्शन (इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) बंद करा, तीच बोटं अकूस्टिक गिटारवर ठेवा, वेग निम्मा करा, झालं बॅलड तयार. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. त्यातून निघतं ते अवसान गेलेलं मेटल गाणं. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून, पोकळ वाजतो, गायकाला टेकायला जागा मिळत नाही आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. दोष वाजवणाऱ्यांचा नसतो, कॉर्डच्या बांधणीत असतो.

गाणं कोणतं घ्यावं, हे पाच मिनिटांत कळतं. गायकाने नुसत्या टाळीवर एक कडवं आणि ध्रुवपद म्हणून बघावं. रिफशिवाय हाती काहीच उरत नसेल, तर दुसरं गाणं घ्या.

तारांचं गणित सोपं आहे. १२-५३ च्या संचावर (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) ड्रॉप डीच्या, म्हणजे जाड तार ईऐवजी डीला लावलेल्या ट्यूनिंगच्या, खाली उतरू नका, जाड तार सैल पडून फ्रेटवर खडखडते. मूळ गाणं आणखी खालच्या ड्रॉप सीमध्ये असेल तर १३-५६ चा संच चढवा. खालची उदाहरणं ड्रॉप डीमधली आहेत, म्हणजे डी हा आपला सा.

पॉवर कॉर्डची पूर्ण कॉर्ड करणं

बहुतेक प्रयोग इथेच फसतात, म्हणून इथे घाई नको.

पॉवर कॉर्डमध्ये सा आणि प एवढेच सूर असतात, गंधार नसतो. डिस्टॉर्शनमध्ये ही उणीव जाणवत नाही, कारण दोन सूर एकत्र विकृत झाले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो. चौथ्या तारेचा मोकळा डी सुमारे १४६.८ हर्ट्झचा, तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटचा ए २२० चा. फरक ७३.२. सर्वांत जाड तारेचा मोकळा डीही जवळपास तेवढाच, ७३.४. म्हणजे न छेडलेली जाड तार अँप (अँप्लिफायर) स्वतःच वाजवून देतो. अकूस्टिकवर हा तिसरा सूर मिळत नाही. दोनच सूर उरतात, तेही झपाट्याने विरतात. म्हणून गंधार आपल्यालाच द्यावा लागतो.

कोणता गंधार, कोमल (मायनर कॉर्ड) की शुद्ध (मेजर कॉर्ड)? इथे दुसरा वाईट सल्ला मिळतो: मेटल गडद असतं, तेव्हा सगळीकडे मायनर लावा. असं मुळीच करू नका. डीवरून ई फ्लॅटवर, म्हणजे कोमल ऋषभावर जाणारा रिफ घ्या. मेटलमध्ये तो पदोपदी भेटतो. डी मायनरनंतर ई फ्लॅटही मायनर केलात, तर त्यात जी फ्लॅट येतो. डी मायनरच्या कोमल गंधाराला, एफला, तो अगदी खेटून बसतो आणि गायकाचा सूर घसरतो. मग गायकाला दोष दिला जातो, चूक मात्र कॉर्डची असते. तिथे ई फ्लॅट मेजरच हवा.

निर्णय रिफवरून घ्यायचा नाही, गळ्यावरून घ्यायचा. प्रत्येक ओळीतले लांबवलेले आणि समेवर येणारे सूर कागदावर लिहून काढा. डीवर गायक एफ धरत असेल तर डी मायनर. एफ शार्प धरत असेल तर डी मेजर, मग मूळ गाणं कितीही काळोखी वाटो. ई धरत असेल तर डी सस टू, म्हणजे गंधाराऐवजी ऋषभ असलेली कॉर्ड. डी किंवा ‘ए’वर थांबत असेल तर निवड तुमची, आणि अशा जागी गंधार पुढच्या ओळीपर्यंत राखून ठेवणं मला सर्वांत योग्य वाटतं. पहिल्या कडव्यात सस टू, ध्रुवपदात मायनर, एवढ्या बदलानेही गाणं उघडतं.

बोटं अशी, जाड तारेकडून बारीक तारेकडे (आकडा फ्रेटचा, ० म्हणजे मोकळी तार): डी सस टू ०-०-०-२-३-०, डी मायनर ०-०-०-२-३-१. ई फ्लॅटसाठी ०-१-१-०-३-३, म्हणजे ई फ्लॅट मेजर सेव्हन, खाली मोकळा डी. पाचव्या आणि चौथ्या तारेवर तर्जनी आडवी, बारीक दोन तारांवर अनामिका आणि करंगळी. जाड तारेचा डी आणि वरचा ई फ्लॅट एकमेकांना घासतात. मूळ रिफमधली धास्ती या घासण्यातच शिल्लक राहते. फार बोचलं तर जाड तार सोडून द्या.

रिफमध्ये ए फ्लॅट, म्हणजे तीव्र मध्यम येत असेल, तर त्यावर पूर्ण कॉर्ड बांधू नका. बेसला तो एकच सूर देऊन पुढे जाऊ द्या. मेटलमध्ये हा सूर घाव घालतो, पण अकूस्टिकवर रेंगाळला की चुकून लागल्यासारखा वाटतो.

मूळ गायन घशातून गुरगुरण्याचं असेल, तर लिहून काढण्यासारखा सूरच नसतो. तिथे आधी चाल बांधा, कॉर्ड नंतर. शब्दांचे आघात मूळ जागीच ठेवा, म्हणजे गाणं ओळखीचं राहतं. उलट क्रमाने गेलात की चाल कॉर्डच्या मागे फरफटते.

लय

वेग सरळ निम्मा करू नका. मिनिटाला १८० मात्रांच्या गाण्यात चार मात्रांची चार आवर्तनं सुमारे ५.३ सेकंदांत संपतात, ९० वर त्यालाच १०.७ सेकंद लागतात. गायकाचा श्वास शब्दाच्या मधोमध तुटतो आणि चार मिनिटांचं गाणं आठ मिनिटांचं होतं. वेग फक्त वीस टक्के उतरवा, साधारण १४४ वर आणा, आणि स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेऐवजी तिसरीवर न्या. कानाला ते ७२ वाटतं, शब्द मात्र चालते राहतात. रिफची आठ आवर्तनं असतील तिथे दोन पुरेत.

बाकीची वाद्यं

डबल किक, म्हणजे दोन पायांनी वाजवलेला बास ड्रम, पूर्ण काढा. त्याजागी काहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) किंवा ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश. अकूस्टिक बेसचा आवाज बिनअँपचा पोहोचत नाही, म्हणून इलेक्ट्रिक बेसच टोन कमी करून हळू वाजवा.

दोन गिटारिस्टनी एकच आकार वाजवणं हा मोठा अपव्यय आहे. दुसऱ्याने साध्या ट्यूनिंगमध्ये पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून ए मायनरचा आकार धरावा, ऐकू डी मायनरच येतो, पण वरच्या सप्तकातला. एकाने तारा एकेक छेडाव्यात, दुसऱ्याने आवर्तनात एकदाच कॉर्ड सोडावी. लांब सूर धरायला चेलो मिळाला तर उत्तम. अॅनाथेमा या ब्रिटिश बँडने २००८ च्या ‘हाइंडसाइट’ अल्बममध्ये आपली जुनी गाणी नव्याने बांधली, त्यात चेलो काय काम करतो ते कान देऊन ऐका.

सोलोतले सहा ते आठ मुख्य सूर ठेवा, बाकीचे सोडा. १२ च्या संचात तिसरी तार गुंडाळलेली असते, तिच्यावर पूर्ण सुराचा बेंड (तार ओढून सूर चढवणं) धड लागत नाही. तिथे स्लाइड घ्या, म्हणजे बोट तारेवरून सरकवत सुरावर न्या.

रेकॉर्डिंगला माइक बाराव्या फ्रेटसमोर २० ते ३० सेंटीमीटरवर, आवाजाच्या भोकासमोर कधीच नाही, तिथे खालचे सूर घुमतात. मंचावर पिकअप लावलात तर भोकाला रबरी झाकण बसवा, नाहीतर गिटार शिट्टी मारते.

शेवटच्या कॉर्डमध्ये मात्र गंधार काढून घ्या. जाड तीन तारा मोकळ्या: डी, ए, डी. गाणंभर गंधार ऐकलेला कान तो आता स्वतःच भरून घेतो. त्या एकदाच छेडा, काहोनवरचा हात उचला आणि तारा पूर्ण विरेपर्यंत कुणीही हलू नका.