पोप फ्रान्सिस यांची आठवण करायचीय? फ्लेक्स राहू द्या, परात काढा

आधी आमची फजिती सांगते. २१ एप्रिल २०२५, ईस्टरचा दुसरा दिवस. पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी गावात मोबाइलवर आली. आदल्या दिवशीच ते सेंट पीटर चौकात गर्दीतून गाडीवरून फिरले होते, त्यामुळं निम्म्यांना ती अफवाच वाटली. संध्याकाळपर्यंत पोरांनी तालुक्याहून फ्लेक्स आणला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल म्हणून गॉगल लावलेले आठ चेहरे, आणि मधोमध फोटो त्यांच्या आधीच्या पोपचा, बेनेडिक्ट यांचा!

पुण्यतिथी करणाऱ्यांना म्हणून पहिलं सांगणं, फ्लेक्स करू नका. वहीच्या पानाएवढा फोटो पुरे, पण छातीवरचा क्रूस बघून घ्या. फ्रान्सिस यांचा क्रूस सोन्याचा नव्हता. त्यावर खांद्यावर मेंढी घेतलेला मेंढपाळ कोरलेला आहे. तो दिसला की फोटो बरोबर. हार नको. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की कबर जमिनीत असावी, साधी असावी, तिच्यावर फक्त 'फ्रान्सिस्कुस' एवढंच नाव असावं. रोममधल्या सांता मारिया मज्जोरे या चर्चमध्ये ती तशीच आहे.

आमचं गाव गेवराई तालुक्यातलं. चर्चची इमारत नाही, महिन्यातून एकदा फादर येतात तेव्हा मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची मुख्य उपासना, होते. तुमचीही तीच गत असेल तर मिस्सेसाठी तारीख पुढं ढकलत बसू नका. २१ एप्रिललाच, दिवस मावळल्यावर सातच्या सुमाराला अंगणात सतरंजी टाका. एक भजन, योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय, येशू शिष्यांचे पाय धुतो तो. भाषण एकच ठेवा आणि ते पोरांना करू द्या. मोठ्या माणसाच्या हातात माइक गेला की तो स्वतःच्याच आठवणी सांगतो.

पोरांना जन्मसाल, निवडीचं साल पाठ करायला लावू नका. (तरी कुणी विचारलंच तर: जन्म १९३६चा, अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसचा. १३ मार्च २०१३ला निवड. लॅटिन अमेरिकेतले पहिले पोप आणि येशूसंघीयांतले, म्हणजे जेझुइट संन्यासी संघातलेही पहिलेच.) मी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एकच गोष्ट सांगितली. पोप झाल्यावर दोनच आठवड्यांनी ते धर्मगुरूंना म्हणाले होते की मेंढपाळाच्या अंगाला मेंढ्यांचा वास यायला पाहिजे. पोरं खदाखदा हसली. आमच्या शिवारात धनगरांचे वाडे बसतात, त्यांच्या घोंगडीचा वास पोरांना ठाऊक आहे. शहरातल्या फादरना हीच गोष्ट पोरांच्या गळी उतरवायला तास लागला असता.

आता परातीचं. २०१३च्या पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पोप फ्रान्सिस मोठ्या चर्चमध्ये न थांबता रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि बारा जणांचे पाय धुतले. त्यात मुली होत्या, मुस्लिमही होते. तोवर नियमाप्रमाणं पुरुषांचेच पाय धुवायचे. २०१६मध्ये त्यांनी तो नियमच बदलला. उपासनेतला हा विधी पवित्र गुरुवारचा, म्हणून पुण्यतिथीला मिस्सेत घुसवू नका, प्रार्थनेनंतर वेगळा करा आणि फादरना आधी कानावर घाला.

पाय कुणाचे? एप्रिलपर्यंत ऊसतोडीची माणसं फडावरून परत आलेली असतात. पोप गेले त्या वर्षी महिन्याच्या मिस्सेनंतर, मे महिन्यात, आम्ही पाच कोयते बोलावले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा दहा माणसं झाली. अकरावा ट्रॅक्टरवाला मुसलमान, बारावी एक म्हातारी, तिनं तीस हंगाम केलेत. पाय कुणी धुवायचे याचा नियम मी असा लावला, ज्याच्यासाठी लोक सतरंजीवरून उठून उभे राहतात, त्यानं धुवायचे. त्याच्या जोडीला फ्लेक्सवाली दोन पोरं दिली. गॉगल काढून.

पाण्याचा हिशेब आधी करा. उन्हाळ्यात आमच्याकडं हंड्याला रांग असते, तिथं भक्तीच्या नावाखाली पाणी सांडलेलं कुणाला आवडणार नाही. एका माणसाला अर्धा लिटर भरपूर होतं, म्हणजे बारा जणांना सहा लिटर, अर्धी घागर. परात खाली, तांब्यानं बारीक धार. साबण लावू नका, मग ते पाणी कडुलिंबाच्या रोपाला घालता येतं. 'लाउदातो सी' या २०१५च्या परिपत्रकात पोपनी धरतीला आपलं सामायिक घर म्हटलंय. ते वाचायला जमलं नाही तरी परात झाडाच्या आळ्यात रिकामी करा.

पाणी कोमट नको, माठातलंही नको. आमची चूक तिथंच झाली. म्हातारीनं टाचेच्या भेगांत मेण भरलं होतं. कोमट पाण्यानं ते मऊ पडलं आणि टॉवेलला चिकटून निघालं, भेग उघडी पडली. ती कळवळली, पण म्हणाली, "बाई, माझे पाय कशाला धुवायलेत? पाप लागतंय मला." साधं पाणी, हात हलका, पुसायला जुन्या लुगड्याचे बारा तुकडे. चोळायचं नाही, टिपायचं. शेवटी टाचेला खोबरेल. सगळ्यांचे मोबाइल आधीच एका ताटात जमा करा. कुणी पाय पुढं करत नसेल तर आग्रह नको, हातावर पाणी घाला.

हे झाल्यावर चहा होतोच. उठायच्या आधी आणखी एक काम करा. गाझात युद्ध पेटल्यापासून पोप फ्रान्सिस तिथल्या कॅथलिक चर्चला जवळपास रोज संध्याकाळी फोन करत, आजारी असतानाही. कसे आहात, काय जेवलात, असं विचारत. तेव्हा बारा जणांचे नंबर वहीत उतरवून घ्या, प्रत्येक नंबर एकेकाला वाटून द्या आणि हंगाम सुरू झाला की आठवड्यातून एकदा फोन करा. माझ्या वाट्याला म्हातारीची सून आली. फडावर दिवसा कुणी फोन उचलत नाही आणि पहाटेच मोळ्या बांधायला उठायचं असतं, म्हणून फार उशिराही नको. रात्री आठ ते साडेआठ, भाकरी तव्यावर असते तेव्हा.