फोटोशूटच्या आधीचे आठ दिवस : खानदेशातील नव्या मॉडेलसाठी

सराफी पेढ्या, साड्यांची दुकाने आणि लग्नसराईच्या जाहिराती यांसाठी जळगाव-धुळ्याकडे स्थानिक मुलामुलींना मॉडेल म्हणून बोलावले जाते. त्यांच्यापैकी अनेक जण शूटच्या सकाळी पार्लरमध्ये जाऊन येतात आणि तयारी झाली असे समजतात. प्रत्यक्षात कॅमेऱ्याला दिसणारे बरेचसे आधीच्या आठ दिवसांत ठरलेले असते आणि मेकअपने ते पूर्ण झाकता येत नाही.

आपल्याकडे पहिली अडचण उन्हाची आहे. स्कार्फ बांधून गाडी चालवणाऱ्या मुलीच्या डोळ्यांभोवतीचा पट्टा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा सावळा पडतो, बाहीची रेघ दंडावर उमटते आणि मनगटावर घड्याळाची पांढरी खूण राहते. उन्हाने चढलेला रंग उतरायला काही आठवडे लागतात. म्हणून शूटची तारीख कळताच घड्याळ आणि मनगटातला दोरा काढून ठेवावा, पूर्ण बाहीचे कपडे घालावेत आणि सनस्क्रीन रोज लावावे. मात्र फ्लॅश वापरला जाणार असेल, तर चेहऱ्यावर पांढरट थर सोडणारे सनस्क्रीन त्या दिवशी टाळावे, कारण फोटोत चेहरा मानेपेक्षा फिकट येतो.

फेशियल, ब्लीच किंवा नवी क्रीम यांचा प्रयोग शेवटच्या आठवड्यात करू नये. वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी करावे, म्हणजे लाली उतरते. लग्नसराईत हातावर मेंदी असेल, तर ती आधीच कळवावी, कारण ती ऐन वेळी काढता येत नाही.

दागिन्यांच्या शूटमध्ये चेहऱ्याइतकेच महत्त्व हातांना असते, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त दुर्लक्ष होते असे माझे मत आहे. अंगठीचा फोटो इतक्या जवळून घेतात की नखाच्या कडेची सुटलेली कातडीसुद्धा स्पष्ट दिसते. भरताची वांगी भाजून सोलली की काजळी नखांत बसते, आणि हळदीचा पिवळा डाग साबणाने सहज जात नाही. हळद तेलात विरघळते, त्यामुळे आधी खोबरेल तेल चोळून मग मऊ ब्रशने नखे घासावीत आणि शेवटचे दोन दिवस ही कामे घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवावीत. शूटच्या वेळी मात्र हाताला तेल किंवा क्रीम नको, कारण सोन्यावर बोटांचे ठसे उमटतात आणि प्रत्येक फोटोनंतर दागिना पुसत बसावे लागते.

आदल्या रात्री शेवभाजीचा मोह आवरावा. खारट जेवणाने शरीरात पाणी साचते आणि सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते. घट्ट इलॅस्टिकचे वळ त्वचेवर बराच वेळ राहतात, म्हणून घरून निघताना सैल कपडे घालावेत. बारीक, दाट रेघांचा कपडा फोटोत लाटा आल्यासारखा दिसू शकतो, तेव्हा स्वतःचे कपडे न्यायचे असतील तर त्यांचे फोटो छायाचित्रकाराला आधी पाठवावेत.

सराव आरशासमोर करण्यापेक्षा मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यासमोर करावा, कारण आरशात आपण उलटे दिसतो. मान किंचित पुढे आणि हनुवटी जराशी खाली घेतल्यास जबड्याची रेघ स्पष्ट होते. श्वास रोखून धरला की खांदे वर चढतात आणि बोटे ताठ होतात, म्हणून श्वास सोडता सोडता स्थिर होण्याची सवय लावावी.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारचा सूर्य डोक्यावर आला की डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. त्यामुळे बाहेरचे शूट सूर्योदयानंतरच्या तासा-दीड तासात उरकण्याचा आग्रह धरावा. प्रकाशाकडे पाहून डोळे मिचकत असतील, तर ते मिटून घ्यावेत आणि तीन आकडे मोजून झाले की उघडावेत. तेवढ्या क्षणात फोटो मिळतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत पानांवरून परतणारा हिरवा प्रकाश चेहऱ्यावर येतो, म्हणून बागेच्या आत न शिरता कडेला उभे राहावे. केळीचा चीक कपड्याला लागला की त्याचा तपकिरी डाग निघत नाही, आणि उसन्या साडीवर तो पडला तर भरपाईचा प्रश्न उभा राहतो. पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, त्यामुळे तेथे वन विभागाची परवानगी घेतली आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारावे.

शेवटची तयारी कागदाची आहे. माझा साडीसाठी काढलेला एक फोटो मला न विचारता दुसऱ्याच मालाच्या फलकावर लागला, आणि माझ्याकडे लेखी काहीच नसल्याने मला दाद मागता आली नाही. तेव्हापासून फोटो कोठे आणि किती काळ वापरले जातील, मानधन किती आणि कधी मिळेल, हे कागदावर आल्याशिवाय मी मेकअपला बसत नाही. काम देण्यासाठी नोंदणीचे पैसे मागणाऱ्यांना नकार द्यावा, पहिल्या शूटला घरचे माणूस सोबत न्यावे, आणि मॉडेल १८ वर्षांखालील असेल तर पालकांची सही झाल्याशिवाय काम सुरू करू नये. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की त्याची एक प्रत तेथेच मागून घ्यावी.